कंबर कसायची खरी, पण एवढ्या महागड्या पट्ट्याने?

घरचा_अखाडा (धागाकर्ता)

मंडळी, घरातल्या एका खोलीत रॅक, बार आणि प्लेट्स मांडून आता तीन वर्षं होतील. सामान सगळं सेकंडहँड, पण काम झकास चालतं. माझं वजन ८२ किलो. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसणं-उठणं) ११० किलोचे सलग तीन रेप, म्हणजे तीन वेळा, आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १४० चा एक. आजवर कंबरेला काही न बांधता.

गेले दोन महिने मात्र डोक्यात वजन उचलताना बांधायच्या बेल्टचा किडा वळवळतोय, आणि तोही साधासुधा नाही. १३ मिमी जाडीचा, सरकत्या लिव्हरचा (बकलऐवजी दाबून अडकवायचा खटका), खटकन बसणारा आणि खटकन सुटणारा. व्हिडिओत तो 'खटक' आवाज ऐकला की मला उगाचच दहा किलो जास्त उचलल्यासारखं वाटतं. किंमत साध्या बकलच्या बेल्टच्या जवळजवळ चौपट. बायकोने विचारलं, "एवढ्या पैशांत सोबत पँट पण येते का?" मी निरुत्तर.

तर प्रश्न असे. फरक खरंच पडतो का? १० मिमी की १३? आम्ही दोघंही त्याच खोलीत व्यायाम करतो, मग एक बेल्ट दोघांना चालेल का? आणि बेल्टची सवय लागली की कंबर कमजोर होते म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

फुकट_सल्लागार

घे रे. तसाही घेणारच आहेस. धागा फक्त घरात दाखवायला काढलायस. (हलके घ्या.)

लोखंडाचे_चणे

मी बारा वर्षं बेल्ट वापरतोय, स्पर्धाही खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाका. बेल्ट पाठीला आधार देतो म्हणजे प्लास्टरसारखा मणका धरून ठेवतो, असं काही नाही. त्याचं सगळं काम पुढे, पोटाच्या बाजूला आहे. जड वजनाखाली जाण्याआधी आपण पोटभर श्वास घेतो आणि कोंडतो. पोटाच्या पोकळीत दाब तयार होतो आणि त्या दाबामुळे धड ताठ राहतं. बेल्ट नसेल तर पोटाची भिंत फक्त स्नायूंच्या जोरावर तो दाब अडवते. बेल्ट असेल तर तिला रेटायला काहीतरी टणक मिळतं, आणि त्याच श्वासात जास्त दाब साठवता येतो. सगळी करामत एवढीच.

आता यातली मेख अशी की पोट बाहेर रेटायला ज्याला येत नाही, त्याच्यासाठी चौपट किमतीचा बेल्ट आणि सुतळी यांत काडीचा फरक नाही. नव्वद टक्के नवखे बेल्ट करकचून आवळतात, त्यात जागा व्हावी म्हणून पोट आत ओढतात आणि मग तसेच बारखाली शिरतात. म्हणजे बरोब्बर उलटं. (नव्वद हा माझा अंदाज, मोजायला कोणी गेलेलं नाही.)

घरी करून बघ. दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे, बोटं पुढे. छाती न उचलता श्वास घे. बोटंही बाहेर ढकलली गेली पाहिजेत आणि अंगठेही. नुसतं पोट पुढे आलं आणि अंगठे जागचे हलले नाहीत, तर अजून बेल्टची वेळ आलेली नाही.

१० की १३? पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयपीएफच्या, नियमांत रुंदी जास्तीत जास्त १० सेंमी आणि जाडी जास्तीत जास्त १३ मिमी चालते. त्यामुळे लोकांना वाटतं की १३ म्हणजे 'पूर्ण' आणि १० म्हणजे 'अर्धा'. तसं नाहीये. ती वरची मर्यादा आहे, शिफारस नाही. ११०-१४० च्या वजनांना १० मिमी भरपूर झाला. १३ मिमीचा नवा बेल्ट पहिले काही आठवडे अंगात रुतत राहतो, आणि ते सुख मी माझ्या शत्रूलाही देणार नाही.

घरचा_अखाडा

@लोखंडाचे_चणे, आत्ता आरशासमोर उभं राहून केलं. बोटं हलली. अंगठे ढिम्म.

फुकट_सल्लागार

झालं. अंगठ्यांनी खर्च वाचवला.

सांधे_जपून

पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, पण इथे सल्ला सर्वसाधारण, तपासणीचा पर्याय म्हणून घेऊ नका.

"बेल्ट लावला की पाठ दुखणार नाही" या समजावर एक थंड पाण्याची बादली. ओझी उचलणाऱ्या कामगारांना पाठीचे पट्टे देण्याची टूम निघाली होती, तेव्हा अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९४ मध्येच म्हटलं होतं की पाठ धडधाकट असलेल्यांनी दुखापत टाळण्यासाठी हे पट्टे वापरावेत असं सांगण्याइतका पुरावा नाही. पुढे मोठ्या दुकानांत माल हलवणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांवर त्यांनी पाहणी केली, ती २००० मध्ये छापून आली. पट्टा वापरणारे आणि न वापरणारे, दोघांच्या पाठदुखीत फरक आढळला नाही. अर्थात ते पट्टे लवचीक कापडाचे आणि दिवसभर बांधायचे. एका सेटपुरता आवळलेला चामड्याचा बेल्ट ही वेगळी चीज आहे. पण 'बेल्ट म्हणजे विमा' या भ्रमात खर्च करू नका.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि बेल्टच्या व्हिडिओंत तो कुणी बोलत नाही. श्वास कोंडून जड वजन ढकलताना रक्तदाब क्षणभर भलताच चढतो. १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट सुई घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० निघाला. त्यातल्या एकाचा तर ४८०/३५० च्या वर गेला! निरोगी माणसाला हे क्षणभर झेपतं. पण ज्यांना रक्तदाब आहे, हर्निया आहे किंवा होऊन गेलाय, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, गरोदर आहेत, त्यांनी बेल्ट निवडण्याआधी डॉक्टर गाठावा. मग बेल्ट कितीही मिमीचा असो.

कंबर कमजोर होते का? बेल्ट लावला की पोटाचे स्नायू झोपी जातात असं काही नसतं, रेटायचं काम तेच करत असतात. मात्र रिकाम्या बारपासून शेवटच्या सेटपर्यंत बेल्ट काढायचाच नाही, असं केलंत तर बेल्टशिवाय धड ताठ ठेवायचा सराव बुडतो. वॉर्मअप बिनबेल्टचा, जड सेट बेल्टचे, एवढं पाळलं तरी पुरे.

दुसरा_सेट

वाचनखूण साठवली. वरचे दोन्ही प्रतिसाद मला दोन वर्षांपूर्वी मिळाले असते तर बरं झालं असतं. आता माझी फजिती ऐका.

मीही असाच हौसेने महागडा लिव्हर बेल्ट मागवला. माप? पँटचं ३४, म्हणून ३४ च्या खणातला साइझ. बेल्ट आला, घमघमीत नवं चामडं, खोका उघडतानाच खुश. लावायला गेलो तर लिव्हर खोबणीपर्यंत पोचेचना. पँट आपण कमरेच्या हाडावर घालतो आणि हा बेल्ट बसतो बेंबीच्या पातळीवर. तिथे टेप लावली तर ३७! तीन इंच कुठे लपले होते देव जाणे. दुकानदाराला कळवलं, तर "लावून पाहिलेला माल परत घेत नाही" असं उत्तर. चामड्यावर एक वळ पडला होता म्हणे.

तो बेल्ट अजून दाराच्या मागे टांगलाय. वजन कमी झालं की वापरेन असं दोन वर्षं म्हणतोय.

फुकट_सल्लागार

म्हणजे तुमच्या घरात तो लिव्हर बेल्ट नाही, प्रेरणादायी भिंतीचित्र आहे.

टाके_घालणारी

माझा व्यायामाशी संबंध फार तर जिने चढण्यापुरता. पण चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे हाताने शिवते, म्हणून हा धागा उघडला आणि आता माझेही दोन टाके.

"१३ मिमी अस्सल चामडं" असं लिहिलेलं दिसलं की कड बघा. एका कातड्यातून एवढी जाडी मिळणं दुर्मीळ असतं, म्हणून बहुतेक जाड पट्टे दोन-तीन थर चिकटवून शिवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त थर कशाचे आहेत ते महत्त्वाचं. आत चामड्याच्या भुग्याचा दाबून केलेला थर असेल तर तो काही महिन्यांत वाकेल, मग चिरेल. अस्सल चामड्याचा थर वर्षानुवर्षं मऊ होत जातो, पण पीळ सोडत नाही. कडेला नखाने खरवडून बघा. तंतू दिसले तर ठीक, पुठ्ठ्यासारखं पापुद्रं सुटलं तर नमस्कार करून पुढे चला.

शिलाईच्या ओळी किती आहेत यावर जाहिराती होतात. मला विचाराल तर ओळी मोजण्यापेक्षा बकल किंवा लिव्हर जिथे जोडलाय तिथला घडीचा भाग बघा. सगळा ताण तिथे येतो.

जाता जाता, घामाने भिजलेला पट्टा बॅगेत कोंबून ठेवू नका. बुरशी धरते आणि एकदा वास लागला की जात नाही. उघड्यावर टांगा. उन्हात मात्र नको, कडक होऊन तडकतो.

वेल्क्रोवाला

सगळे चामड्याच्याच मागे का लागलेत? नायलॉनचा वेल्क्रो बेल्ट वापरून बघा. किंमत कमी, वजन कमी, हवा तितका आवळा, बायकोच्या मापाला लगेच लावा. मी चार वर्षं वापरतोय.

लोखंडाचे_चणे

@वेल्क्रोवाला, स्क्वॉट किती?

वेल्क्रोवाला

९०. का?

लोखंडाचे_चणे

९० पर्यंत ठीकच आहे, मनापासून सांगतोय. क्लीन आणि जर्कवाल्यांना (बार जमिनीवरून डोक्यावर नेणाऱ्यांना) तर तसलाच मऊ बेल्ट आवडतो, कारण त्यांना खाली वाकून बार मांडीवरून ओढायचा असतो. माझी तक्रार एकच. १५० खाली घेऊन गेलो होतो आणि अगदी तळाशी, मांड्या जमिनीला समांतर असताना, पोटावर 'चर्रर्र' असा आवाज आला. वेल्क्रो सुटत होता. वर आलो कसाबसा, पण तो आवाज अजून कानात आहे. जुना झालेला, धूळ-केस अडकलेला वेल्क्रो जड वजनाला दगा देतो. तुमचा चार वर्षांचा आहे ना? एकदा तपासा.

वेल्क्रोवाला

तपासला. केस निघाले. कुणाचे ते विचारू नका.

सरकती_लिव्हर

मूळ प्रश्नाकडे वळू या का? धागाकर्त्याला जो बेल्ट हवाय तसलाच माझ्याकडे आहे, चार वर्षं झाली. आवडतो. पण पैसे कशाचे लागले ते सांगतो, म्हणजे हिशेब तुमचा तुम्ही करा.

वजन त्याने वाढत नाही. आधीच्या साध्या बकलच्या १० मिमी बेल्टवर माझा जो स्क्वॉट होता, नव्यावर पहिल्या दिवशी तोच होता. जादा पैसे जातात त्या सरकण्यावर. साध्या लिव्हर बेल्टमध्ये लिव्हर स्क्रूने जागेवर बसवलेली असते. माप बदलायचं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन ती काढा, पुढच्या भोकावर बसवा. सकाळी पोट रिकामं आणि संध्याकाळी भरलेलं, यात माझं एका भोकाचं अंतर पडतं. शिवाय स्क्वॉटला मला बेल्ट घट्ट लागतो आणि डेडलिफ्टला किंचित सैल, नाहीतर खाली वाकून बार पकडताच येत नाही. साध्या लिव्हरच्या काळात खिडकीच्या कट्ट्यावर कायम एक स्क्रूड्रायव्हर पडलेला असायचा, आणि दोन व्यायामांच्या मध्ये मी गुडघ्यावर बेल्ट घेऊन घड्याळजीसारखा बसायचो. ती कटकट गेली. मला ती कटकट असह्य होती म्हणून मला पैसे वसूल वाटले. ज्याचं पोट आणि वेळापत्रक दोन्ही स्थिर आहे, त्याला हा खर्च फुकट.

बकलच्या बेल्टचं उलट असतं. लावायला जीव जातो, एक दट्ट्यावाला (दट्ट्या म्हणजे भोकात जाणारी काडी) असेल तर थोडा कमी, दोन दट्टेवाला असेल तर रॅकच्या खांबाला धरून ओढावं लागतं. पण भोकं बदलायला एक सेकंद.

आणि दोघांत एक? सरकती लिव्हर सरकते ती एका साइझच्या हद्दीत. नवरा ३७ आणि बायको २९ असेल तर ती कितीही सरकवा, पोचणार नाही.

अखाड्याची_मालकीण

नमस्कार. तो 'पँट पण येते का' वाला प्रश्न विचारणारी मीच. दोन दिवस नवरा आरशासमोर अंगठे कमरेवर ठेवून श्वास घेताना दिसतोय म्हणून चौकशी केली, तर हा धागा सापडला. नाव नोंदवलं.

मला कुणी विचारलंच नाही म्हणून सांगते. माझा स्क्वॉट ६५ आहे, डेडलिफ्ट ८५. नवऱ्याच्या मित्राचा १० सेंमी रुंदीचा बेल्ट मी एकदा लावून पाहिला होता. उभी होते तोवर ठीक. खाली वाकले तर वरची कड बरगडीत आणि खालची कमरेच्या हाडावर, दोन्हीकडून चिमटा. आठवडाभर हिरवा-जांभळा डाग होता. तेव्हापासून मला वाटत होतं की बेल्ट आपल्यासाठी नाहीच. असं सगळ्यांना होतं का?

सांधे_जपून

अजिबात तसं समजू नका. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्यामधली जागा ज्यांची कमी असते, त्यांना १० सेंमीचा पट्टा मावतच नाही. उंचीपेक्षाही धडाच्या लांबीवर ते ठरतं, आणि पुरुषांनाही होतं. साडेसात सेंमी रुंदीचे बेल्ट मिळतात, ते लावून बघा. नाहीतर आहे तोच डेडलिफ्टच्या वेळी थोडा वर सरकवून, जरा तिरका बांधून बघा, मागे वर आणि पुढे खाली किंवा उलट. बेल्ट आडव्या रेषेतच हवा असा कुठलाही नियम नाही.

लोखंडाचे_चणे

+१. आणि वहिनी, ८२ किलोच्या माणसाने १४० ओढणं आणि तुम्ही ८५ ओढणं यात, तुमचं वजन माहीत नसतानाही, मला शंका आहे की बेल्टची गरज आधी कुणाला लागेल.

अखाड्याची_मालकीण

५४.

फुकट_सल्लागार

धागाकर्ते, आता धाग्याचं शीर्षक बदला.

घरचा_अखाडा

बदलत नाही. पण हिशेब केला. तिची डेडलिफ्ट तिच्या वजनाच्या दीडपटीच्या वर, माझी माझ्या वजनाच्या पावणेदोन पटीच्या आत. फरक आहे, पण अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

बरं, ठरलं असं. मित्राकडून तोच जुना १० मिमीचा, एका दट्ट्याचा बकलवाला बेल्ट महिनाभरासाठी उसना आणतो. तोवर मागवणं बंद.

घरचा_अखाडा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. मित्राने बेल्ट परत मागितलाय, म्हणून आता निर्णय सांगणं भाग आहे.

पहिला दिवस: सगळे प्रतिसाद वाचूनही मी तेच केलं. पोट आत, बेल्ट शेवटच्या शक्य भोकावर. श्वास घेतला तो थेट खांद्यांत गेला. नेहमीच्या १०० ला पुढे झुकलो आणि तिसरा रेप सोडून बार सेफ्टीवर (रॅकच्या आडव्या आधारांवर) टेकवला. बेल्ट न लावता जे वजन हसतखेळत जातं ते बेल्ट लावून पडलं. बायको बाजूला उभी होती. काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुसरा आठवडा: दोन भोकं सैल. बेल्ट आणि पोट यांच्यात हाताची दोन बोटं सरकतील एवढी जागा. मग श्वासाने ती जागा भरायची. चारही बाजूंनी बेल्टवर रेटल्यासारखं वाटलं तरच खाली जायचं, नाहीतर पुन्हा श्वास. हे जमायला चार दिवस गेले. जमलं त्या दिवशी ११० चा तिसरा रेप, जो एरवी अर्ध्यात अडकून थरथरत वर यायचा, तो न थांबता वर आला. वजन वाढलं नव्हतं, पण खाली असताना घाबरल्यासारखं वाटलं नाही. मला वाटतं मी पैसे त्याचेच द्यायला निघालो होतो.

आजची स्थिती: ११५ चे तीन. यातलं किती बेल्टचं, किती श्वासाचं आणि किती धाग्यावर कबूल केलंय म्हणून, ते वेगळं काढता येणार नाही. अंगठे मात्र आता हलतात.

खरेदी अशी. माझ्यासाठी बकलचा साधा १० मिमी, माप बेंबीवर टेप लावून घेतलं (३६, दुसरा_सेट यांचे आभार). मला दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी व्यायाम करायचा असतो, त्यामुळे सरकत्या लिव्हरचा उपयोग मला नाही. 'खटक' आवाजाची हौस राहिली, ती राहू दे.

उरलेल्या पैशांत तिच्यासाठी साडेसात सेंमीचा घेतला. काल आला. कड खरवडून बघितली, तंतू दिसले. तिने आज ९० ओढला.

टाके_घालणारी

वा! भोकं कमी पडली तर घरी खिळा ठोकून पाडू नका, चामडं फाटत जातं. गोल भोक पाडायचा पंच मिळतो, तो वापरा. आणि आधीच्या भोकांच्या रेषेतच.

दुसरा_सेट

अभिनंदन. कुणाला ३४ इंची लिव्हर बेल्ट हवाय का? एकदाच लावलेला. एक वळ आहे.

अखाड्याची_मालकीण

@दुसरा_सेट, आमच्याकडे ३६ आणि २८ आहे, मधला कोणी नाही. पण नवरा म्हणतोय की निदान दाराला टांगायला तरी विचार.

फुकट_सल्लागार

९० चा व्हिडिओ टाका की.

अखाड्याची_मालकीण

टाकते. कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलतोय, तेवढं सांभाळून घ्या.